मन्हासाठे काय लयनी?

परदेशी फिरून आलेल्या माणसाची बॅग आमच्या खान्देशात त्याच्या एकट्याची नसते. जळगाव स्टेशनवर उतरून रिक्षा दारात थांबते, पाण्याचा तांब्या हातात येतो, आणि घोटभर पाणी पोटात जायच्या आत कुणीतरी विचारतंच. माझी धाकटी जाऊ अमळनेरला असते. ती सरळ अहिराणीत विचारते, "मन्हासाठे काय लयनी वं ताई?" म्हणजे, माझ्यासाठी काय आणलंस? हा हक्काचा प्रश्न आहे आणि मला तो मनापासून आवडतो. आपण गेलो तेव्हा कुणीतरी मागे थांबलं होतं, घराची किल्ली सांभाळत होतं, तुळशीला पाणी घालत होतं, हे त्या प्रश्नात असतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं थोडं जग बघतो. बहुतेक वेळा गटाबरोबर जातो. गटात गेलं की एक गोष्ट हटकून दिसते. शेवटच्या संध्याकाळी सगळी बस एका मोठ्या दुकानात रिकामी होते, आणि अर्ध्या तासात तीसएक माणसं फ्रिजला चिकटवायची चित्रं, किल्लीच्या साखळ्या आणि चॉकलेटं डझनाने उचलतात. नावं आठवत, बोटांवर मोजत. पॅरिसचा आयफेल टॉवर असो की दुबईची बुर्ज खलिफा, तळ उलटा करून पाहिला तर पुष्कळदा चीनचं नाव निघतं. चीनच्या चच्यांग प्रांतात यीवू नावाचं शहर आहे. असल्या बारीकसारीक मालाचा जगातला सर्वांत मोठा घाऊक बाजार तिथे भरतो. एकाच शहरातून निघालेला माल जगभरच्या पर्यटनस्थळी जातो आणि तिथून आपण तो त्या त्या गावची आठवण म्हणून घरी आणतो. मला ह्यात लुबाडणूक दिसत नाही. कुणाच्या तरी हातांना काम मिळतं. पण ज्या गावात आपण चाललो, जेवलो, रस्ता विचारला, त्या गावाचा त्या वस्तूला हातही लागलेला नसतो, ह्याचं मला वाईट वाटतं.

आणि चॉकलेटांचं म्हणाल तर मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात ती पोहोचतातच कुठे! मुंबईच्या विमानतळावर धड असलेला डबा घरी उघडावा तर आत सगळं एकजीव झालेलं. पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या मुलखात काय आणायचं, ह्याचा विचार इथल्या माणसाला वेगळाच करावा लागतो.

दुबईला गेलेला जळगावकर देरा भागातला सोन्याचा बाजार पाहिल्याशिवाय परत येत नाही. आमचं गाव सराफ बाजारासाठी ओळखलं जातं, त्यामुळे भाव विचारणं रक्तातच आहे. एक मात्र इथे सांगून ठेवते, कारण गटातल्या कितीतरी जणींचा ह्याबद्दल घोटाळा होतो. बायकांना ४० ग्रॅम आणि पुरुषांना २० ग्रॅम दागिने बिनजकातीचे आणायची जी सवलत आपण ऐकतो, ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठवडाभराच्या सहलीला गेलेल्यांना ती लागू नाही. आपल्या सराफाकडे बसून, चहा पिऊन, घडणावळीवर बोलून घेतलेलं सोनं मला जास्त भावतं, हे माझं वैयक्तिक मत.

प्रवासाहून काय आणावं हे मला शिकवलं ते आमच्या सासूबाईंनी. सगळी गल्ली त्यांना जिजी म्हणायची. त्या पासपोर्टाशिवाय गेल्या, काशीला. अमळनेरहून भुसावळ, भुसावळहून गाडी बदलून थेट काशी. जायच्या आदल्या दिवशी ओसरीवर बायकांची रीघ लागली होती. कुणी अकरा रुपये हातात ठेवले, कुणी पाच, एका म्हातारीने पदराच्या गाठीतून एकच नाणं सोडवून दिलं. "मन्हा नावनं एक फूल गंगामा सोडजो व माय!" जिजींना लिहिता येत नव्हतं. माझ्या मोठ्या नणंदेने वहीच्या कागदावर सगळ्यांची नावं लिहून दिली आणि जिजींनी तो कागद बटव्यात ठेवला.

परत आल्या त्या गंगाजळाचे तांब्याचे सीलबंद गडू, काळभैरवाचे काळे गंडे आणि प्रसादाच्या पुड्या घेऊन. मग मावंदं झालं. गडू फोडला, पूजा झाली, पुरणाचा स्वयंपाक झाला, आणि ज्या ज्या हाताने पैसे ठेवले होते त्या त्या हातावर गंगाजळाचे थेंब आणि प्रसाद पडला. एकही नाव सुटलं नाही. ज्या म्हातारीने ते एकच नाणं दिलं होतं ती आजारी होती, म्हणून जिजी स्वतः तिच्या घरी गेल्या. स्वतःसाठी त्यांनी काय आणलं होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. बहुधा काहीच नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेहून, चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाऊन, पंढरपूरहून, जिथून जिथून माणूस परततो तिथून काहीतरी वाटायला येतंच. कुंकू, बुक्का, चिरमुरे, बत्तासे, रेवड्या, गोडीशेव. ह्यातली एकही वस्तू महाग नाही आणि एकही कपाटात ठेवण्यासारखी नाही. सगळी वाटून संपायची.

हे सगळं मला इतकं आपलं, इतकं इथलं वाटत होतं की जपानमध्ये तेच भेटेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

माझ्या बहिणीची मुलगी टोकियोत असते. निशी-कासाई भागात, जिथे भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत. तिच्याकडे राहून आम्ही जपान पाहिला. कुठेही फिरायला निघालो की परतताना ती स्टेशनावर थांबायची आणि ऑफिससाठी एक खोका घ्यायची. सहलीला गेलेल्याने तिथला खाऊ आणून बरोबरच्या सगळ्यांच्या टेबलावर एकेक ठेवायचा, ही तिथली रीत. ह्या खाऊला, भेटीला ते ओमियागे म्हणतात. प्रत्येक गावचा खाऊ वेगळा. खोक्यावर ठळक आकड्यात आत किती नग आहेत ते छापलेलं, प्रत्येक नग वेगळ्या कागदात बांधलेला, आणि कधीपर्यंत खायचा त्याची तारीख. सगळी रचनाच वाटण्यासाठी केलेली. भाची म्हणाली, "मावशी, सुट्टी घेतली आणि काही आणलं नाही, तर कुणी बोलणार नाही, पण मलाच चुकल्यासारखं वाटेल."

मी तिला जिजींच्या काशीची गोष्ट सांगितली. मग तिने जे सांगितलं आणि पुढे मी जे वाचलं, त्याने मी थक्क झाले. जुन्या काळी जपानी माणसाने आयुष्यात एकदा तरी करावी अशी यात्रा म्हणजे इसे इथल्या महामंदिराची. गरीब शेतकऱ्याला ती परवडायची नाही. म्हणून गावकरी मंडळ करायचे, सगळे थोडे थोडे पैसे टाकायचे आणि चिठ्ठी काढायचे. आपल्या भिशीसारखंच. ज्याची चिठ्ठी निघेल तो सगळ्यांच्या वतीने जायचा. निघताना शेजारीपाजारी त्याच्या हातात वाटखर्चाला पैसे ठेवायचे. आणि मग तो सगळ्यांच्या नावाने देवाच्या पाया पडून, मंदिराचे पवित्र कागद आणि तिथल्या हलक्याफुलक्या वस्तू घेऊन गावात परतायचा. पायी चालणाऱ्याला जड ओझं नको, आणि खाण्याचं टिकायचं नाही, म्हणून औषधं, पंखे, कागदाच्या वस्तू असं काय काय आणायचे. खाऊचे खोके रूढ झाले ते पुढे आगगाडी आल्यावर, अंतर दिवसांवरून तासांवर आलं तेव्हा.

म्हणजे तिथल्या त्या ऑफिसातल्या टेबलांवरच्या खाऊच्या मुळाशी यात्रेचा प्रसाद आहे. जो गेला तो एकटा गेला नव्हता. मागे राहिलेल्यांच्या पैशाने, त्यांच्या वतीने गेला होता. म्हणून परतताना त्यांचा वाटा त्याच्या गाठोड्यात असायलाच हवा. जिजींच्या बटव्यातला कागद आणि हे अगदी एकच.

इसेला आम्ही गेलो. ते मंदिर दर २० वर्षांनी पूर्ण नवं बांधतात. मागची बांधणी २०१३ साली झाली, पुढची २०३३ साली. मंदिराबाहेरच्या जुन्या पेठेत १७०७ पासून चालत आलेला एक गोड पदार्थ मिळतो, आकाफुकू. मऊ तांदळाच्या गोळ्यावर तांबड्या अझुकी कडधान्याचं गोड, घोटलेलं सारण, त्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा. त्या रेघा म्हणजे मंदिराशेजारून वाहणाऱ्या इसुझू नदीच्या लाटा. यजमान पहिला घास घेऊन म्हणाले, "पुरण!" खरंच, खापरावरच्या मांड्यात भरायच्या पुरणाची आठवण यावी असं. पण तो दोन-तीन दिवसच टिकतो. जळगावपर्यंत नेणं शक्य नव्हतं. तिथे बसून, समोरच्या नदीकडे पाहत खाल्ला तेवढाच आमचा.

टोकियो स्टेशनात मात्र मला वेगळंच दर्शन घडलं. पिवळेजर्द खोके, वर केळं, दुकानाभोवती माणसांची गर्दी. ह्या खाऊचं नावच टोकियो बनाना. केळ्याच्या आकाराचा मऊ केक, आत केळ्याचं सारण. १९९१ साली निघाला आणि आज टोकियोहून परतणाऱ्यांच्या हातात सर्रास दिसतो. टोकियोत केळीची बाग नाही. जपानमध्ये केळी मुख्यतः फिलिपाइन्सहून येतात. माझं माहेर यावल तालुक्यातलं. लहानपणापासून घराच्या मागच्या दारापासून क्षितिजापर्यंत केळीच पाहिली. सावदा, रावेरच्या स्टेशनांवरून दिल्लीकडे जाणारे मालगाडीचे केळीचे डबे पाहिले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि तरी जळगाव स्टेशनावर उतरलेल्या पाहुण्याला परत जाताना हातात घेऊन जावं असं आमच्या केळीचं काय आहे? एक शहर, ज्याच्याकडे केळीचं एक झाड नाही, ते केळ्याला आपली ओळख करून बसलंय, आणि आम्ही घड मोजून गाडीत भरतोय. त्या दुकानासमोर मी बराच वेळ उभी राहिले. हा विचार अजून डोक्यातून गेलेला नाही. केकात अंडं असल्यामुळे आमच्या घरच्यांसाठी तो घेता आला नाही, ते राहू द्या.

मग काय घ्यायचं? अंडं नको, मासळीचा अर्क नको (तिथल्या खारट कुरकुरीत चकत्यांतही तो पुष्कळदा असतो), उन्हात वितळायला नको, आणि सगळ्यांना पुरायला हवं.

उत्तर क्योतोत मिळालं. एका जुन्या दुकानाच्या काचेआड रंगीत साखरेचे दाणे होते, ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे, आणि अंगावर काटे. मी भाचीचा हात घट्ट धरला. "अगं, हा तर हलवा!"

संक्रांतीचा हलवा. तोच काटा, तीच चव, तोच दाताखाली येणारा हलका कडकपणा. तिथे त्याला कोंपेइतो म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो जपानात आणला. १५६९ साली लुईस फ्रोइस नावाच्या पाद्र्याने ओदा नोबुनागा ह्या सरदाराला काचेच्या कुपीत घालून तो भेट दिला होता. त्या काळी साखरच दुर्मीळ, त्यामुळे हा राजेरजवाड्यांचा खाऊ. आजही तिथल्या राजघराण्यात मंगलप्रसंगी पाहुण्यांना छोट्या सुबक डबीतून कोंपेइतो देतात.

करण्याची रीत ऐकली आणि मला आमच्या घरची शेगडी दिसली. तिरप्या, गरम, सतत फिरणाऱ्या मोठ्या कढईत बारीक दाणे टाकतात. पूर्वी खसखस घालायचे. त्यावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडत राहायचं. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात. काटे कुणी कोरत नाही, ते आपसूक उमलतात. पूर्ण आकाराला यायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. आमची आई पौषाच्या थंडीत मंद कोळशावर परात ठेवून, तीळ आणि खसखशीवर चमच्या-चमच्याने पाक घालत बोटांनी हलवायची. थंडी पडल्याशिवाय काटा येत नाही म्हणायची. पहिल्या संक्रांतीला माझ्या अंगावर जे हलव्याचे दागिने घातले, त्यातला हार तिने स्वतः ओवला होता. क्योतोच्या त्या दुकानात कढईपुढे उभं राहून आयुष्य घालवलेल्या कारागिरांविषयी ऐकताना मला तिचीच बोटं दिसत होती, पाकाने पोळलेली, साखरेने पांढरी झालेली.

आम्ही कोंपेइतोची मोठाली पाकिटं घेतली. नुसती साखर. वितळत नाही, लवकर खराब होत नाही, कुणाला चालणार नाही असं नाही. आणि वाटता येतो.

दोन गोष्टी मात्र मोजक्या माणसांसाठी नाव घेऊन घेतल्या. टोकियोत काप्पाबाशी नावाचा रस्ता आहे, अख्खा स्वयंपाकघराच्या सामानाचा. तिथल्या सुऱ्यांच्या दुकानांत पात्यावर नाव कोरून देतात. मला ते पाहून इतका आनंद झाला! आपल्याकडे लग्नाची, बारशाची भांडी नाव घातल्याशिवाय देत नाहीत. माझ्या घरातल्या निम्म्या डब्यांवर आज हयात नसलेल्या माणसांची नावं आहेत. डबा उघडताना ती वाचली जातात. धाकट्या जावेसाठी भाजीची सुरी घेतली आणि पात्यावर तिचं नाव कोरून घेतलं, जपानी अक्षरांत. (सुरी सामानाच्या मोठ्या बॅगेतच ठेवायची, हातातल्या पिशवीत ठेवली तर तपासणीत काढून घेतात.)

दुसरी वस्तू नणंदेच्या मुलासाठी. तो डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी दिवसरात्र बसलेला. क्योतोतलं कितानो तेनमांगू मंदिर विद्येच्या देवाचं आहे. हा देव म्हणजे एके काळी होऊन गेलेला खरा माणूस, सुगावारा नो मिचिझाने, विद्वान, कवी आणि दरबारी. ९०३ साली तो दूर हद्दपारीत वारला आणि पुढे लोकांनी त्याला देव मानलं. मंदिरात बैलांच्या मूर्ती आहेत. शाळेची मुलं येतात, बैलाच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि मग स्वतःच्या. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला तिथून पाय काढवेना. तिथून कापडी पिशवीतला ताईत घेतला. तो उघडून बघायचा नसतो, आणि वर्षभराने मंदिरात परत द्यायचा असतो. भाचीने ती जबाबदारी घेतली. नणंदेने तो ताईत धुळ्याच्या एकवीरा देवीच्या तसबिरीशेजारी ठेवला. दोन्ही देवांना एकमेकांची ओळख करून द्यायची गरज तिला वाटली नाही, मलाही नाही.

घरी आल्यावर कोंपेइतोच्या पुड्या बांधल्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या नव्हे, पण पुड्याच. गल्लीतल्या शेजारणी, घरकाम करणाऱ्या ताई, दूधवाले दादा, माझ्या जुन्या शाळेतला शिपाई, अमळनेरचं सगळं घर. सुरी हातात घेऊन जाऊ पात्यावरची अक्षरं उलटसुलट करून पाहत होती. आपलं नाव कुठल्या बाजूने सुरू होतं ते तिला समजून घ्यायचं होतं. एक पाकीट मी मागे ठेवलं होतं. पुतण्याच्या बाळाचं बोरन्हाण होतं संक्रांतीला. मेहरूणची बोरं, उसाचे करवे, चुरमुरे आणि आपल्या हलव्यासोबत क्योतोचा हलवाही बाळाच्या डोक्यावरून ओतला. मुलांनी लूट केली. कुठला कुठला ते कुणीही निवडत बसलं नाही.

आता भाची दिवाळीला यायची आहे. परत जाताना ऑफिसात न्यायला खान्देशचं काहीतरी हवं, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. अट एकच, सुटं सुटं बांधलेलं. मी विचार करायला बसले. भरताची वांगी? त्यांनाही २०१६ साली मानांकन मिळालंय, पण भरीत काड्यांच्या धुराशेजारी बसूनच खायचं. कळण्याचं पीठ? भाकरी थापणार कोण तिथे? नंदुरबारची मिरची त्यांना सोसायची नाही. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, छान टिकतात, पण विमानात चुरा होईल. ताजी केळी नेता येणार नाहीत.

केळीचे वेफर्स राहिले. यावलला माहेरच्या शेजारी बचत गटाच्या बायका करतात, फार चांगले. फक्त ते किलोने मिळतात, गाठ मारलेल्या मोठ्या पिशवीत. परवा जाऊन त्यांच्याशी बोलले. मूठभर मावतील अशा छोट्या पुड्या, खोक्यात एका ओळीत लावलेल्या, वर आत किती नग आहेत त्याचा आकडा आणि तारीख. त्यांच्यातली एक म्हणाली, एवढ्याशा पुडीला कोण पैसे देईल? तिला मी टोकियो स्टेशनावरची गर्दी सांगितली. मग दुसरीने विचारलं की खोक्यावर चित्र कशाचं घालायचं, घडाचं की बागेचं. बागेचं ठरलं आहे. आत काय आहे ते भाची जपानीत लिहून पाठवणार आहे, आणि गावाचं नाव, तालुका, जिल्हा आम्ही देवनागरीत मोठ्या अक्षरांत छापून घेतोय.